कात्री आणि लुगडं

कापडाच्या दुकानात कात्री चालली की मला किन्हवलीचं आमचं शेत आठवतं. महायुद्ध चालू होतं, मी लष्करात नर्स होते आणि रजेवर घरी आले होते. भात कापताना शेजारच्या काकीच्या मांडीत विळा घुसला. फौजी इस्पितळात जखमीचे कपडे आधी कापायचे, ही हाताची सवय. मी धावत घरून माझी कात्री आणि पट्टी आणली, सगळ्यांदेखत तिचं लुगडं वरपर्यंत कापलं आणि ऐटीत पट्टी बांधली. “जखम भरंल गो बाय, पन मला दुसरं लुगडं नाय,” ती पुटपुटली. युद्धामुळे कापड तेव्हा मिळतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाहायला गेले, तर जखमेवर पाला बांधलेला आणि माझी पांढरी पट्टी लुगड्याला ठिगळ म्हणून लावलेली. माझ्या ट्रंकेत तेव्हा दोन कोऱ्या साड्या होत्या, याची लाज अजून जात नाही.