गिरणेच्या वाळूतली वाडी

कापलेल्या टरबुजाचा वास आला की मला भडगावचं गिरणेचं पात्र आठवतं. तीसेक वर्षांपूर्वीचा हिवाळा. जगण्यालाच अर्थ नाही तर पदवी कशाला, असं म्हणून मी धुळ्याचं कॉलेज सोडून मामाकडे आलो होतो आणि दिवसभर नदीकाठी भटकायचो. तिथं वाळूत मामाच्या ओळखीच्या एका आबांची टरबुजाची वाडी होती. एके दिवशी धरणातून पाणी सुटलं आणि सगळे वेल वाहून गेले. दुसऱ्या सकाळी पाहतो तर आबा गार, ओल्या वाळूत पुन्हा खड्डे करत होते. मला त्यांचा रागच आला. "आबा, परत पाणी आलं आणि हे सगळं गेलं तर?" "बठ्ठं वाही जाई," ते शांतपणे म्हणाले, "मंग परत लावसू." मी चिडून विचारलं, "पण ह्यात अर्थ काय?" त्यांनी फावडं थांबवलं. "तू कॉलेज कसाले सोडी दिधं?" "त्यात अर्थ वाटेना म्हणून." आबांनी खरोखरच्या काळजीनं विचारलं, "मंग आते बरं वाटस का?" मी खाली बसून हातांनीच वाळू उपसू लागलो, बोटं हुळहुळली तरी थांबलो नाही. जूनमध्ये कॉलेजात परत गेलो, पुढे नोकरी केली, संसार केला. आबांच्या त्या 'बरं वाटस का?'चं उत्तर मात्र मला अजूनही सापडलेलं नाही.