सुनेच्या टाकीतला समुद्र

लग्न होऊन येताना मुली कपाट आणतात, मिक्सर आणतात, कुणी शिलाई मशीन आणते. आमची सून समुद्र घेऊन आली. काचेच्या टाकीत घालून, टेम्पोतून, वर ओला टॉवेल झाकून.

आम्ही उरणकडची माणसं. मागचं दार उघडलं की खाडीचा वास घरात येतो. त्या घराच्या पुढच्या दारानं समुद्र येताना बघून गल्ली जमली. टाकी दिवाणखान्यात लागली, वायरी जोडल्या, निळा दिवा पेटला आणि आत एक बाग उजळली. पांढरी वाळू, भोकाभोकांचे दगड, त्या दगडांवर जांभळी, हिरवी, केशरी फुलं. सून म्हणाली, ती फुलं नाहीत, कोरल आहेत, जिवंत. आणि त्या बागेत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या दोन माशांचं जोडपं, मालक असल्यासारखं फिरत होतं.

आमच्या सौभाग्यवतींनी पदर खोचून टाकीत वाकून पाहिलं. "हे म्हावरं कालवणाचं का तलायचं?"

"आई, हे बघायचं," सून म्हणाली.

"बगायचं? नुसतं?"

त्यानंतर बरेच दिवस घरी येणारा प्रत्येक जण टाकीकडे बाजारातल्या माशांच्या पाटीत बघावं तसा बघायचा. कुणी म्हणायचं, काटे फार असणार. कुणी म्हणायचं, डोळा ताजा हाय. मासे बिचारे दगडाआड जायचे.

सुनेचा मात्र त्या टाकीत जीव. ते जोडपं तिनं नखाएवढं असल्यापासून वाढवलेलं. सातव्या महिन्यात ओटी भरून ती पनवेलला माहेरी निघाली, तेव्हा टाकीपुढे उभी राहून तिचे डोळे भरून आले. ते पाणी आपल्यासाठी आहे असं समजून सासूनंही डोळे पुसले. मी गैरसमज तसाच राहू दिला. घरात शांतता टिकवायची असेल तर काही गोष्टी बोलायच्या नसतात.

आता टाकी सांभाळणार कोण? आमचे चिरंजीव बंदरावर पाळीनं कामाला. स्वतःचा डबा घरी विसरून जाणारा माणूस. सौभाग्यवती माशांकडे बघताना अजून हळदीचा विचार करायच्या. उरलो मी. जन्मभर कंटेनरचे ट्रेलर चालवून घरी बसलेला, दोन्ही हात रिकामे.

"बाबा, तुमच्या भरवशावर ठेवून जाते," सून म्हणाली. "मी परत येईन तेव्हा सगळे असेच दिसले पाहिजेत."

मग तिनं मला शिकवलं. दिवा कधी लावायचा, कधी मालवायचा. दाणे चिमूटभरच. पंप बंद पडू द्यायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं पाणी. काचेवर तिनं एक खूण केली होती. "पाणी खुणेच्या खाली गेलं की या कॅनमधलं साधं, आर.ओ.चं पाणी घालायचं. साधंच. आणि मधूनमधून एक थेंब या नळीवर टाकून बघायचा, खारटपणा कळतो." नळी छोट्या दुर्बिणीसारखी होती. मी समजल्यासारखी मान हलवली. माझ्या आयुष्यातली बरीच संकटं या मान हलवण्यातून आलेली आहेत.

पहिला घोळ खाण्याचा. आमच्याकडे पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरेपर्यंत वाढत राहायची पद्धत आहे. माशांना हात नसतात. मी चिमूट टाकली, ती संपली; दुसरी टाकली, ती संपली. मागून सौभाग्यवतींनी पोटुशा सुनेच्या माशांना कमी नको म्हणून सुका जवळा कुटून घातला. आठवड्याभरात काचेवर असं हिरवं शेवाळ धरलं की मासे बघायला खिडकी पुसावी तशी काच पुसायला लागायची. फोनवर सुनेनं गोड शब्दांत झापलं. मी चिमटीवर आलो, सौभाग्यवतींनी जवळा डब्यात ठेवला, टाकीतल्या इवल्या गोगलगायींनी उरलेलं शेवाळ खाल्लं. विषय मिटला.

हा घोळ प्रेमाचा होता. पुढचा होता तोऱ्याचा.

आमचं घराणं मिठागराचं. माझा बाप, त्याचा बाप, सगळे मीठ पिकवणारे. आमचे आगर आता राहिले नाहीत, पण चुलतभावाचे अजून चालू आहेत, आणि घरात मिठाचं पोतं आम्ही तिथूनच आणतो. बाप पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचा आणि सांगायचा, याला अजून किती ऊन पाहिजे. ती विद्या माझ्याकडे आलेली आहे, अशी माझी समजूत.

एके दिवशी टाकीतलं पाणी खुणेच्या बोटभर खाली गेलं. मी कॅन उचलला आणि थबकलो. समुद्रातले मासे, आणि त्यांना साधं पाणी? पोरगी शिकलेली आहे, पण पनवेलची आहे. तिला मिठातलं काय कळणार? टाकीत बोट बुडवून चाटलं. अगदीच मिळमिळीत! (मला लहानपणापासून आगरातलं आटलेलं पाणी चाटायची सवय. त्यापुढे खरा समुद्रसुद्धा मिळमिळीत लागणारच. हे मला आज कळतंय.) मी पोत्यातलं मूठभर मीठ कॅनच्या पाण्यात विरघळवलं आणि टाकी खुणेपर्यंत भरली. पाणी परत कमी झालं, परत मूठभर. सुनेची नळी मी खोक्यातून काढलीसुद्धा नाही. ती बघायला चष्मा लागतो. माझ्या जिभेला लागत नाही.

काही दिवस बरे गेले. मग कोरलांनी मिटायला सुरुवात केली. आधी जांभळी, मग हिरवी. केशरी गुच्छ तर रुसलेल्या बाईनं तोंड फिरवावं तसा आत ओढून बसला. मासे पंपाच्या तोंडाशी उभे राहून भराभरा श्वास घ्यायला लागले.

मी विचार केला, मीठ कमी पडतंय. मूठ जरा मोठी केली.

सून संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायची. आधी नवरा, मग सासू, मग टाकी, असा क्रम. मी फोन अशा कोनात धरायचो की मासा दिसावा आणि दगड दिसू नये.

"बाबा, जरा उजवीकडे घ्या ना."

"रेंज जातेय गो!" असं म्हणून मी फोन हलवायचो. दिवाणखान्यात, वायफायच्या खोक्यापुढे उभं राहून.

"तुमी पोरीला फसवताव," सौभाग्यवती म्हणायच्या.

"तिला आता काळजी बरी नाय."

"आनि माशांना बरी?"

रोज सकाळी उठल्यावर आधी टाकीकडे जायचो, दोघं आहेत ना बघायला. ते आहेत म्हटल्यावर मग तोंड धुवायचो. तिनं एकच गोष्ट सोपवली होती आणि ती माझ्या हातात मिटत चालली होती.

अशात व्याही आले. पनवेलहून, मोटारसायकलवर, लेकीनं पाठवलेले लाडू घेऊन. गोड माणूस, पण प्रत्येक गोष्टीत नाक.

"टाकी कशी आहे?" त्यांनी चप्पल काढता काढता विचारलं. "लेक रोज तुमचं कौतुक करते. मला म्हणाली, नीट बघून या आणि फोटो काढून आणा."

मी त्यांना दारातच फिरवलं. "व्याहीबुवा, टाकी काय, पळून जाते? तुम्ही कधी मिठागर पाहिलंय? नाही ना? मग चला. ऊन छान आहे."

भर चैत्रातलं ऊन छान आहे म्हणणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असणार. पण व्याह्याचा शब्द, मोडणार कसा? बिचारे डोक्याला रुमाल बांधून निघाले.

चुलतभावाच्या आगरात काम जोरात होतं. बांधांनी आखलेले चौकोन, त्यांत चकाकणारं पाणी, कडेनं मिठाच्या पांढऱ्या राशी. मला जोर चढला. बांधावर उभा राहून मी व्याख्यान सुरू केलं.

"हे बघा व्याहीबुवा, यात जादू काय नाय. भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि कोंडायचं. ऊन काय करतं? ऊन पाणी नेतं. मीठ नेत नाय. मीठ जाणार कुठं? ते खालीच राहतं. पाणी कमी होतं, खार वाढतो. मग आपण वरून आणखी खारं पाणी सोडायचं. परत ऊन पाणी नेणार, मीठ ठेवणार. परत आपण खारं पाणी…"

माझं तोंड उघडंच राहिलं.

"पुढे?" व्याही म्हणाले.

पुढे काय? पुढे माझ्या डोळ्यांसमोर दिवाणखाना आला. वर निळा दिवा, शेजारी पंखा, खुणेखाली गेलेलं पाणी, आणि मूठभर मीठ घेऊन उभा असलेला मी. पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवणाऱ्या घरातला एक माणूस टीव्हीशेजारी मिठागर चालवत होता, आणि त्यालाच त्याचा पत्ता नव्हता.

"व्याहीबुवा, घरी चला."

"अहो, पण आता तर कुठे रंगात…"

"टाकी बघायचीय ना? चला!"

त्यांच्याच मोटारसायकलवर मागे बसून मी त्यांना सगळं सांगितलं. ते इतके हसले की एका वळणावर आम्ही दोघं बांधावरून खाली खाजणाच्या चिखलात जाता जाता वाचलो.

घरी येऊन मी खोक्यातून नळी काढली, थेंब टाकला, चष्मा लावला. आतली निळी रेघ सुनेनं दाखवलेल्या जागेच्या चांगलीच वर चढून बसली होती. मी आर.ओ.चा अख्खा कॅन उचलला. व्याह्यांनी खालून हात लावला.

"ओता सगळं!" ते म्हणाले.

"थांबा!" सौभाग्यवती मधे आल्या. "तुमा दोघांना काय कलतं? जिनं पालले तिला इचारा."

"तिला नववा लागलाय," मी म्हटलं. "हे असलं तिला सांगायचं?"

"मंग मेल्यावर सांगनार?"

मी फोन लावला. समोर सुनेचा चेहरा आला. मी या वेळी फोन सरळ धरला. मिटलेली कोरलं, धापा टाकणारे मासे, सगळं दाखवलं. तिचा चेहरा पांढरा पडला. मग मूठभर मिठाची गोष्ट सांगितली. मग आगरातल्या व्याख्यानाची. "ऊन पाणी नेतं, मीठ नेत नाय," एवढं म्हणेपर्यंत तिच्या ओठांचा कोपरा हलला, आणि मग ती अशी हसायला लागली की हसता हसता पोट धरून खालीच बसली. मागून विहीणबाई "कळा आल्या की काय!" म्हणून धावत आल्या. इकडे व्याही फोनमध्ये ओरडत होते, "कळा नाहीत गं, मीठ आहे, मीठ!"

हसू ओसरल्यावर ती शांतपणे म्हणाली, "बाबा, कॅन खाली ठेवा. एकदम साधं पाणी घातलंत तर धक्क्यानं जातील. टाकीतलं एक भांडं काढायचं, साधं एक भांडं घालायचं, हळूहळू. आज थोडं, उद्या थोडं. रेघ जागेवर यायला वेळ लागू दे. आणि ते घरचं मीठ परत नको. त्यात त्यांना लागतं ते सगळं नसतं. नंतर माझ्या खोक्यातल्या मिठानं पाणी कसं बदलायचं ते सांगते. कराल?"

मान हलवायला गेलो, आणि थांबलो. म्हटलं, "तू सांगितलेलं मी परत बोलून दाखवतो, चुकलं तर टोक." आणि दाखवलं.

घाई हा माझा मूळ स्वभाव. ट्रेलरसुद्धा मी मागे घेताना आधी घ्यायचो आणि मग बघायचो. पण भांड्याभांड्यानं समुद्राचा खार उतरवायला बसलो आणि अजब मजा यायला लागली. एक भांडं काढायचं, एक ओतायचं, नळीतून बघायचं. व्याही रोज फोन करून रेघ कुठे आली ते विचारायचे, क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसे. सौभाग्यवती भाजी निवडायला टाकीपुढेच बसायच्या आणि माशांशी बोलायच्या, "खावा, थोडंच हाय, पन खावा." एका सकाळी मी स्वयंपाकघरात असताना त्यांनी टाकीपुढून मला हाक मारली नाही, ओरडल्याच. गेलो, तर जांभळं कोरल उघडलेलं. मग हिरवं. मासे पंपाचं तोंड सोडून बागेत फिरायला निघालेले.

केशरी गुच्छ मात्र राहिला नाही. तो पांढरा पडला. मी फोन सरळ धरून तेही दाखवलं. ती म्हणाली, "तो दगड तसाच ठेवा."

मुलगी झाली. बारसं झालं. सून लेकीला घेऊन घरी आली, तेव्हा दारात सासूनं भाकरतुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं, आणि सगळ्यांनी बाळाला घेरलं. मी टाकीजवळ उभा. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी शाळेच्या पडवीत उभा राहायचो, तसाच.

ती आत आली आणि बाळ आजीकडे देऊन सरळ टाकीशी वाकली. मासे काचेला येऊन तिच्या बोटापुढे नाचत होते. ओळख दाखवत होते की दाणे मागत होते, मला माहीत नाही. मला ओळख वाटली. मग ती पांढऱ्या पडलेल्या दगडाकडे वळली.

"बाबा, चष्मा लावा. हे बघा."

मी चष्मा लावला. मेलेल्या गुच्छाच्या कडेला, दगडाच्या एका भेगेत, मुगाएवढा एक केशरी ठिपका उघडून उभा होता. त्याच्या कडेनं इवलाले केस पाण्यात हलत होते.

"उरलेल्या एवढ्याशा तुकड्यातून परत येतंय," ती म्हणाली. "मला आता वर्षभर याच्यापुढे बसायला होणार नाही. टाकी तुमच्याकडेच राहू दे."

मी गंभीर चेहरा करायचा खूप प्रयत्न केला. सौभाग्यवती बाळाला थोपटत म्हणाल्या, "बग गो, आज्याचे दात दिसतान सगले."