रेजिना मॅडम आणि प्रश्नचिन्हांची पंगत

चार माणसं, एक खोली, रोजचे आठ तास, आणि चौघंही बोलघेवडे! किस्से साठणार नाहीत तर काय? दोनच सांगायचे असं ठरवून मी सुरुवात करतो आणि चहा गार होतो.

गोष्ट दोन हजार सालानंतरची. वसई स्टेशनजवळ एका मेडिकलच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. सामंत सर मालक, जूचंद्रचा पाटील, मी आणि भुईगावच्या रेजिना मॅडम. तारापूरच्या एका मोठ्या कंपनीची डिरेक्टरी आम्ही सांभाळायचो. डिरेक्टरी म्हणजे कंपनीतल्या सगळ्या माणसांची कॉम्प्युटरवरची यादी, खात्याखात्यांच्या फांद्या असलेली. त्यातून हवं ते काढायला एक लांबलचक वेब-पत्ता लागायचा. कोणतं मशीन, कोणती फांदी, काय हवंय, किती खोल शोधायचं आणि कुणाला, एवढं सगळं एका ओळीत! मध्ये नुसती प्रश्नचिन्हं.

काळ्या स्क्रीनवर एक कमांड होती. तुकडे दिले की पत्ता जोडायची, पत्ता दिला की तुकडे पाडायची. आम्ही तिच्या जिवावर जगत होतो. रेजिना मॅडमना मात्र ती लागायचीच नाही. त्या चष्मा वर करून ओळीकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "तिसरा तुकडा चुकलाय."

* * *

एकदा पाटीलचा पत्ता काही केल्या चालेना. "मॅडम, पन मी सगलं बरोबर लिवलंय!"

मॅडमनी पाहिलं. 'काय हवंय' हा तुकडा पाटीलला नको होता, म्हणून त्याने तो गाळला, आणि त्याच्यासोबत प्रश्नचिन्हही गाळलं. त्यामुळे पुढचे सगळे एकेक जागा पुढे सरकले होते.

"पाटील, पंगतीत एक पाहुणा आला नाही तर त्याच्या पानावर दुसऱ्याला बसवता का? पान रिकामं राहू द्या. माणूस नसला तरी जागा त्याचीच."

त्या दिवसापासून ऑफिसात आरोळी सुरू झाली, "पान मांडलंस का रे?" खालच्या मेडिकलवाल्याला वाटायचं, वर जेवणावळी चालतात!

* * *

मॅडमचा एक नियम होता. जोडलेला पत्ता परत फोडून बघितल्याशिवाय बाहेर पाठवायचा नाही. नियम सगळ्यांना, सामंत सरांनाही.

सरांनी एकदाच मोडला. कँटीनच्या मॅनेजरचा नंबर कामगारांना मिळावा म्हणून पत्ता बनवला आणि घाईत कँटीनची फांदीच टाकायला विसरले. शोध थेट मुळापासून सुरू झाला, म्हणजे अख्ख्या कंपनीतले मॅनेजर निघाले. यादीत सगळ्यांत वर कंपनीचे मोठे साहेब!

दुपारपर्यंत साहेबांना चाळीसेक फोन. "आज भाजी काय?"

साहेब शांतपणे सांगत राहिले, "मला विचारू नका, मी घरून डबा आणतो!"

सामंत सर घामाघूम. साहेबांना फोन लावला तो मॅडमनी. "सर, चूक आमची. फोडून बघितलं नव्हतं." बस्स, एवढंच. कुणाचं नाव नाही, कारण नाही. मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला.

पण साहेबांच्या खालच्या लोकांना निमित्त मिळालं. हे काम वसईतून काढून मुंबईच्या हेड ऑफिसात न्यायचं, अशी बोलणी सुरू झाली. आम्ही तिघं मुंबईला गेलोही असतो. मॅडमची आई अंथरुणाला खिळलेली. रोज बाराला लुनावरून भुईगावला जाऊन तिला भरवायच्या आणि परत यायच्या. ऑफिस गेलं असतं तर त्यांची नोकरी संपली असती.

* * *

निर्णय घ्यायला हेड ऑफिसातून देसाई नावाचे साहेब आले. काम हलवण्याचा फॉर्म काढला, पेन उघडलं, आणि लाइट गेली! यूपीएस थोडा वेळ ओरडला आणि तोही गेला.

"हे असं रोज?"

"रोज नाही," मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारी दोनदा."

सामंत सरांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात देसाईंचा मोबाइल वाजला. तारापूरला एका कामगाराचा हात मशीनमध्ये सापडला होता. बी निगेटिव्ह रक्त हवं होतं, ताबडतोब. डिरेक्टरीत प्रत्येकाचा रक्तगट होता, पण पत्ता बनवणारं तिथे कुणी नव्हतं.

"द्या इकडे," म्हणत मॅडमनी फोन घेतला आणि डोळे मिटले. "भाऊ, ब्राउझर उघडा. मी सांगते तसं टाइप करा. घाई नको." मशीन, फांदी, प्रश्नचिन्ह. एकेक अक्षर. "आता परत प्रश्नचिन्ह. हो, लागोपाठ दोन. मायनसच्या आधी जागा सोडू नका. कंस बंद केला? आता मला पहिल्यापासून वाचून दाखवा."

त्याने वाचलं. "एंटर मारा."

पलीकडून तीन नावं आली. दोघं त्याच पाळीवर होते.

मॅडमनी फोन पुसून देसाईंच्या हातात दिला, पर्स उचलली. "सर, बारा वाजले. एक तासात येते." जिन्यावरून चपलांचा आवाज, मग लुनाचा.

देसाईंनी पेन बंद केलं आणि फॉर्म काही न लिहिता बॅगेत ठेवला.

पंधरा दिवस कंपनीकडून पत्र नाही, फोन नाही. सोळाव्या दिवशी टेम्पोवाला दोन माणसांच्या मदतीने एक अवजड खोका वर घेऊन आला. पाठवणार, कंपनी. घेणार, रेजिना मॅडम, वसई.

पाटीलने खोका फोडला. आत नवाकोरा इन्व्हर्टर होता!