बरणीतले पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेले नाही — पत्नीलाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुमच्यासमोर मला चांगला माणूस म्हणून वावरायचे नाही.

ऐंशीच्या दशकातला दुष्काळ. आमच्या जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी मुख्य रसायनतज्ज्ञ होतो. हाताखाली माकणीचा मिलिंद. पाण्यावाचून ऊस उभा वाळतो तेव्हा त्यातले एक एन्झाइम साखर फोडत जाते. त्याची घडण मिलिंदला उलगडायची होती. शहरातल्या एका संस्थेत तसे यंत्र होते — मास स्पेक्ट्रोमीटर. एन्झाइमचे तुकडे करायचे, यंत्राने तुकड्यांची वजने घ्यायची, आणि वजनांतल्या फरकांवरून अमिनो आम्लांचा क्रम लावायचा. माळेतला एकेक मणी ओळखावा तसा. तिथले शास्त्रज्ञ आमच्याकडे आले आणि सारा वेळ मिलिंदशीच बोलले. नमुन्यातून क्रम निघाला तर तुला संशोधनाला घेतो, म्हणाले. मी? मी चहा मागवला.

त्याच संस्थेत मीही एकदा अर्ज केला होता. उत्तरसुद्धा आले नव्हते.

माझा मत्सर फार सभ्य होता. तो मिलिंदची पाठ थोपटत असे. आणि पुढे जाणारा मुलगा माकणीच्या बौद्ध वस्तीतला नसता, आमच्या अणदूरच्या भावकीतला असता, तर मला एवढे टोचले असते का? उत्तर मला ठाऊक आहे.

शुद्ध केलेले एन्झाइम पातळ पडद्याच्या पिशवीत बांधून मिलिंदने पाण्याच्या बरणीत सोडले होते. त्यातले क्षार हळूहळू बाहेर पाण्यात उतरावेत म्हणून. ते पाणी सारखे बदलावे लागे. बहिणीला पाहायला पाहुणे येणार म्हणून तो गावी निघाला.

“दादा, तेवढं पाणी बदलता का? डिस्टिल्डच घ्या बरं. आपल्या बोअरचं लई खारं. ते यंत्र म्हंजी नवी नवरी — मीठ जास्त झालं की तोंडच उघडत न्हाय.”

मी हसलो. हो म्हणालो.

डिस्टिल्ड पाण्याचा कॅन भरलेला होता. शेजारीच बोअरचा नळ. चुकून हात गेला, असे मी म्हणू शकलो असतो — पण नळ सोडल्यावर मी ओंजळीत पाणी घेतले आणि चाखून पाहिले. खारट होते. मग बरणी भरली. पुढच्या प्रत्येक वेळी त्याच नळाने भरली. तो परतण्याच्या जरा आधी ती रिकामी करून तिच्यात डिस्टिल्ड पाणी घालून ठेवले.

यंत्रावर काहीच वाचता आले नाही. नमुन्यात क्षार फार, असे संस्थेने कळवले. दुसरा नमुना करायला ऊस उरला नव्हता. तो तोडून जनावरांच्या छावणीला गेला होता. संस्थेतली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

“माझंच कुठंतरी चुकलं बघा, दादा,” मिलिंद म्हणाला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला बरे वाटत होते — तेही सांगतो.

तो त्याच प्रयोगशाळेत राहिला. रसातली साखर मोजत, माझ्या शेजारी. परवा जळकोटला एका लग्नात भेटला. जावयाला जवळ बोलावून त्याने माझी ओळख करून दिली.

“हे आमचे दादा. माझ्या त्या कामात मी गावाला गेलो, तवा बरणीतलं पाणी यांनीच बदललं.”

जावई माझ्या पाया पडला. मी पाय मागे घेतले नाहीत.