करंट हाय का

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या दूध सोसायटीनं पाऊस पाडायला ढगात रॉकेटं सोडायचं ठरवलं. कॅनमध्ये दूध नव्हतं, छावणीत चारा नव्हता, मग आभाळालाच हात घालू, असा चेअरमनचा विचार. पुण्याहून एक माणूस आला, सगळं समजावून दोन दिवसांत परतही गेला.

मागं उरलो मी आणि विहिरीच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारा तेलगावचा मिस्त्री. मी सोसायटीच्याच हायस्कूलला विज्ञान शिकवायचे, म्हणून हवेतला विद्युतभार मोजणारं यंत्र माझ्या टेबलावर. काटा लाल खुणेवर गेला की रॉकेट सोडायचं नाही, कारण त्याच्या धुराच्या वाटेनं वीज खाली उतरू शकते. अशा वेळी मी लाल फडकं हलवायचं, मिस्त्रीनं बटणावरून हात काढायचा. एवढ्याशा कामाचा मला केवढा तोरा होता, खोटं कशाला बोलू!

बटणाची बॅटरी माझ्याच टेबलाखाली होती. ती सारखी दगा द्यायची, म्हणून त्या दिवशी मिस्त्री सकाळपासून लांबूनच विचारत होता, ‘बाई, करंट हाय का?’

दुपारी ढग डोक्यावर आला आणि काटा सरसर चढला. फडकं कुठं सापडेना. वाऱ्यानं कधीच उडवलं होतं. मी जीव खाऊन ओरडले, ‘करंट हाय! लई करंट हाय!’

मिस्त्रीनं हात वर करून होकार दिला आणि बटण दाबलं.

रॉकेट गेलं, पाठोपाठ वीज आली. पाऊस मात्र चार थेंब, धूळसुद्धा बसली नाही. मिस्त्री वाचला, पण उजव्या हाताची बोटं आखडली ती कायमची. मोटारीची बारीक तार बोटांनीच गुंडाळावी लागते.

सोसायटीच्या कचेरीत चौकशी झाली. चूक माझी निघाली तर नोकरी जाणार, त्याची निघाली तर त्याला सोसायटीची मदत मिळणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी तोंड उघडायच्या आधी तोच म्हणाला, ‘बाई नको म्हणल्या व्हत्या, साहेब. मीच ऐकलं न्हाई.’

मी त्याच्या शेजारच्याच खुर्चीवर होते. आजही शरम वाटते. साहेबांनी त्याचं म्हणणं लिहून घेतलं, कागद माझ्यापुढं सरकवला आणि मी साक्षीदार म्हणून सही केली.