माझ्याजवळ नसलेला एक्का

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे — चौथीनंतर पाटी सुटली. समजून घे. हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्याकडे कोणी वावरात जात नाही. माणसं पारावर पत्ते कुटतात, आम्ही बाया ओसरीत. त्या वर्षी नागपूरच्या नणंदेनं पोकर शिकवला — हातात दोन पानं, मधात पाच उघडी, पैसे लावून. मी लाजरी. पान नसलं की लगेच टाकून द्यायची. "बाईचं तोंडच उघडं पान हाय," धाकटी जाऊ सुमन म्हणायची आणि सगळ्या हसायच्या. मीही हसायची. तेव्हाच मनात काही शिजलं होतं का? असेल.

शेवटच्या डावात आम्ही दोघीच उरलो. मधात तीन इस्पिकची पानं होती, पाचवं उघडलं तेही इस्पिक. एका रंगाची पाच झाली की मोठा हात; आता जिच्या हातात इस्पिक, तिचा डाव. दोघींकडे असलं तर मोठ्या पानाचा. माझी दोन्ही पानं लाल. तरी जवळचे सगळे पैसे मी पुढे सरकवले.

इथपर्यंत खेळच होता. खेळात फसवणं चालतं, नणंदेनंच सांगितलं होतं. पण सुमन माझ्या कानाशी आली. तिचे निंदणाच्या मजुरीचे आठशे रुपये मधात पडले होते — पोरीच्या शिवणक्लासचे. खेळणारी म्हणून नाही, जाऊ म्हणून तिनं विचारलं, "बाई, खरं सांगा. टाकू का मी?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "माह्याजवळ एक्का हाय वं. टाकून दे."

पाठीवर हात — तो कशाला ठेवला मी?

तिनं पानं उघडीच टाकली. इस्पिकची सत्ती होती. डाव तिचाच होता. मी घाईघाईनं माझी पानं गड्डीत मिसळली.

"बरं झालं सांगतलं, नाई तं अजून बुडाली असती," ती म्हणाली. पुढे शेजारणींनाही सांगत राहिली — बाईनं मले वाचवलं. पोर क्लासला गेली नाही, आईबरोबर निंदायला गेली. मी त्या पैशांची चांदीची जोडवी घेतली. चार वर्षं घातली, तिच्या डोळ्यांपुढे.

काल ती जोडवी सोनाराकडे मोडली. कमी पडले ते मजुरीतून घातले. आज सकाळी सुमन भाकरी थापत होती. पैसे तिच्यापुढे ठेवले आणि सांगितलं — एक्का नव्हता.

तिनं पिठाचे हात पुसले. माझ्या हातचे पैसे तिनं कधी मोजले नव्हते. आज मोजले. आठशे. पुरते होते.