नाल्याची वाट

कुरखेड्यापलीकडच्या एका गावात सोनीबाई टोपल्या आणि सुपं विणते. त्यावर तिनं दोन पोरं वाढवली, आणि त्यासाठी लागणारा बांबू तीस वर्षं चोरून आणला. चोरून कसला, आजा-पणजाच्याच जंगलातून! पण कायदा चोरी म्हणायचा, म्हणून चोरी.

त्या दिवशी सकाळी तिची सून रंजीता परीक्षेसाठी इंग्रजी शब्द घोकत होती. क्रीप, स्लिंक, प्राउल. पुस्तकात तिन्हींचा अर्थ एकच दिलेला, चोरपावलांनी जाणे.

"तिन्ही सारखे कसे?" सोनीबाई उखडली. "लिवनारा कधी चोरी कराले गेलाच नाई वाटते."

पदर खोचून ती अंगणात उतरली. वनरक्षकाला तिकडं नाकेदार म्हणतात. तो लांब असला की पाला न वाजवता कसं सरकायचं, ते तिनं दाखवलं. "हे क्रीप," रंजीता म्हणाली. त्यानं पाहिलंच, तर मान खाली घालून कडेकडेनं कसं निसटायचं, तेही दाखवलं. ते स्लिंक. आणि प्राउल म्हणजे शिकार हुडकत फिरणं, हे ऐकल्यावर म्हातारी खो खो हसली. "ते आमचं नाई वो. ते नाकेदाराचं चालनं."

आता हसायला हरकत नव्हती. गावाला जंगलाचा हक्क मिळाला होता आणि बांबूसाठी ग्रामसभा शिक्क्याची पावती देत होती. तशी पावती कमरेला खोचून सोनीबाई दुपारी बांबू घेऊन निघाली. पण सडकेचा फाटा आला, आणि पाय आपसूक सडकेवरचा वननाका चुकवणाऱ्या नाल्याच्या जुन्या वाटेला वळले. तिच्या ध्यानातही आलं नाही. नाल्यात नाकेदार उभाच होता.

"पावती हाय माह्याजवळ!"

"पावती हाय तं सडक सोडून इकडून काऊन आली?" पावतीकडं न बघताच त्यानं भारा नाक्यावर नेऊन टाकला.

ती मान खाली घालून, कडेकडेनं घरी आली. रात्रभर ती धुमसत राहिली, नाकेदारावर कमी आणि स्वतःच्या पायांवर जास्त.

"भारा गेला तं जाऊ द्या, आई," रंजीता म्हणाली.

"भारा नाई वो. तो मले चोर समजला, अन् मी चोरावानीच परत आली."

सकाळी दोघी नाक्यावर गेल्या. चहाच्या टपरीवर माणसं होती. सोनीबाईनं पावती नाकेदाराच्या पुढ्यात धरली. "वाच. मोठ्यानं वाच."

चारचौघांत त्याला वाचावंच लागलं. शिक्का खरा होता. त्यानं भाऱ्याकडं बोट दाखवलं.

भारा डोक्यावर घेऊन सोनीबाई घराकडं न वळता उलटी जंगलाकडं निघाली. फाट्यापर्यंत गेली, तिथून वळली आणि सडकेच्या मधोमध, पाय आपटत नाक्यावर आली. पुढं गाड्या अडवायचा आडवा बांबू होता.

"बाजूनं निंग ना, बाई," नाकेदार म्हणाला.

"तीस वर्षं बाजूनंच गेली मी. उचल."

टपरीवरची माणसं चहा धरून उभी राहिली. नाकेदारानं बांबू उचलला, आणि तिच्या भाऱ्याला लागू नये म्हणून टाचा वर करून आणखी वर धरला.